मुलाखतींना निघण्याआधी

विज्ञान शिक्षण, डिजिटल कला आणि परिचारिकांचं काम, सगळं एकाच प्रबंधात? दोन डगरींवर हात ठेवणारे पाहिलेत, तू तिसरीही शोधलीस! जमेल, पण प्रश्न एकच ठेव: ॲनिमेशन पाहून परिचारिकांना औषधाच्या मात्रेचं गणित जास्त समजतं का?

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा अर्ज सगळ्यात आधी. माझ्या सहा मुलाखती परवानगीआधीच्या निघाल्या, सगळ्या पाण्यात गेल्या.

ड्यूटी संपल्या संपल्या कुणा परिचारिकेला गाठू नकोस. दमलेलं माणूस 'छान होतं' म्हणून मोकळं होतं. तसंही 'आवडलं का?' हा प्रश्न कुचकामीच. त्यापेक्षा कागद पुढे कर: ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध, द्यायचंय ५०० मिलिग्रॅम, तर किती मिलिलिटर? आकडेमोड मोठ्याने बोलत करायला सांग. १० हे उत्तर पाठ सूत्रानेही येतं. पेन कुठे थांबतं, कोण मिलिग्रॅमला मिलिलिटर म्हणून जातं, ते टीप. ॲनिमेशन तिथेच हवं, आणि ते करणारा कलाकार पहिल्या मुलाखतीपासून शेजारी बसलेला हवा.

तासाभराचं रेकॉर्डिंग लिहून काढायला चार-सहा तास सहज जातात. वेळापत्रकात ते धर.