अर्धवट सोडलेली किट कार घरी पूर्ण करता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सोलापुरातच एका परिचितांच्या शेडमध्ये १२ वर्षांपासून एक दोन आसनी, फायबरच्या बॉडीची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, पडून आहे. तिला प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल बसवलेले आहेत. मालक तिचे ८५ हजार मागतात आणि सत्तर टक्के काम झालेले आहे असे सांगतात. ती घरी पूर्ण करता येईल का, आणि सुरुवात कोठून करावी?

पूर्ण करता येते. मी अशीच एक गाडी जुळे सोलापुरातल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षे रविवार-रविवार काम करून उभी केली. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील कापड कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. त्यामुळे वेल्डिंग आणि लेथ हाताखालचे होते, मोटारीचे काम मात्र नवे होते. मला गाडी विकणाऱ्याने ऐंशी टक्के काम झाल्याचे सांगितले होते. त्यातले आज गाडीत काय उरले आहे हे मोजायला बसलो, तर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि बॉनेट एवढेच निघते. बाकी सर्व मी आधी मोडले आणि मग नव्याने केले. म्हणून तो सत्तरचा आकडा मनातून काढून टाकावा आणि सर्व गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवायची आहे असे धरूनच हिशेब करावा. ज्याने ती सोडून दिली, त्याने कोठला नट आवळला होता आणि कोठला नुसता हाताने फिरवून ठेवला होता, हे आता त्यालाही आठवणार नाही.

या प्रकारच्या गाड्यांची मूळ जात म्हणजे इंग्लंडमधली लोटस सेव्हन. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ साली आणली. त्या काळी तेथे तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. मात्र संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या की कर लागू होई. तेव्हा लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या, असा किस्सा सांगितला जातो. आपल्याकडे कोणत्याच सूचना नसतील, त्यामुळे सोडवताना त्या आपणच लिहायच्या आहेत. प्रत्येक भागाचे सोडवण्यापूर्वी दोन फोटो काढावेत, आणि त्याचे नट-बोल्ट वेगळ्या बरणीत घालून बरणीवर चिठ्ठी लावावी. मी त्यासाठी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्या वापरल्या. त्यांपैकी एक नजरचुकीने स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली, त्यावरून जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

पान्याला हात लावण्यापूर्वी कायद्याचे पाहून घ्यावे, कारण पुष्कळ जण हा विषय गाडी रंगवून झाल्यावर काढतात. घरी बांधलेली एकुलती एक गाडी रस्त्यासाठी नोंदवून घेण्याची सोपी वाट आपल्या नियमांत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे प्रत्येक वाहनाच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. पुण्याची एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था त्यांपैकी एक. ही व्यवस्था कारखानदारांसाठी आहे, आणि एका गाडीसाठी तिचा खर्च परवडणारा नाही. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची तपासणी करून तिला मंजुरी देण्याची वेगळी सोय आहे. तेथील व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसेच असेल असे समजू नये. पद्मिनीचे आरसी बुक सोबत मिळणार असेल, तर “एमएच १३ ची पाटी लावा, कोण बघतंय” असे सांगणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई करते, आणि कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज वाहनांची नोंदणी येथे उपयोगाची नाही. तिला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते आणि चासी (सांगाडा), बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. उलट, पद्मिनी कायमची मोडली असेल तर कलम ५५ प्रमाणे तसे आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करून घेणे हे तिच्या मालकाचे काम आहे, आणि ते झाले आहे का हे आपण विचारावे. माझी गाडी टेम्पोत चढवून मोहोळकडच्या एका मित्राच्या शेतात जाते आणि तेथील खासगी मुरमाच्या वाटेवर चालते. एवढ्यावर आपले समाधान होणार असेल तरच पुढे वाचावे.

आता चासी. बॉडी उतरवून, इंजिन व ॲक्सल काढून चासी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पाणसळीत बसवावी. ओळंबा सोडून पुढच्या-मागच्या सस्पेंशनच्या भोकांच्या खुणा खडूने फरशीवर उतरवाव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. लूमची फ्रेम काटकोनात आहे की नाही हे आम्ही असेच दोऱ्याने पाहतो. माझ्या चासीच्या दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला. कारण साधे होते : आधीच्या माणसाने २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचे डावीकडचे सगळे सांधे एका बैठकीत पूर्ण भरले आणि मग तो उजवीकडे गेला. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, म्हणून आधी सगळीकडे नुसते टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड) मारून, मोजून, मग समोरासमोरचे सांधे आलटूनपालटून थोडे थोडे भरायचे असतात. मला दोन आडव्या नळ्या कापून, जॅकने चासी सरळ करून पुन्हा जोडाव्या लागल्या.

सांधे ग्राइंडरने गुळगुळीत केलेले दिसले तर खूश होऊ नये; कच्चे वेल्डिंग लपवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. तडे दाखवणाऱ्या रंगद्रवाचे, म्हणजे डीपी टेस्टचे, डबे विकत मिळतात, पण मी आमच्या जुन्या फिटरांची रीत वापरली. सांधा तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा, त्यावर घासलेट लावून वीस मिनिटे मुरू द्यायचे (रॉकेल मिळाले नाही तर डिझेल चालते), फडक्याने अगदी कोरडे पुसायचे आणि स्पिरिटमध्ये कालवलेल्या खडूच्या पुडीचा पातळ हात द्यायचा. स्पिरिट उडून गेले की सांधा पांढराशुभ्र होतो. मग पाहत बसायचे. जेथे तडा असेल तेथे आत शिरलेले तेल बाहेर पाझरते आणि त्या पांढऱ्यावर केसासारखी ओलसर, काळपट रेघ हळूहळू उमटते. माझ्या ४६ सांध्यांपैकी ९ सांध्यांवर अशा रेघा आल्या, आणि त्यांतली एक पुढच्या उजव्या चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, ब्रॅकेटवर होती, म्हणजे ब्रेक दाबताच ज्याच्यावर सगळा जोर येतो तेथे. ती रेघ पाहिल्यावर त्या दिवशी मी शेड बंद करून घरात गेलो. नळ्या आतूनही गंजतात. हातोडीने हलके टिचकवत गेल्यास गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो. सर्वांत खालच्या नळीला लहान भोक पाडले तेव्हा माझ्या चासीतून पेलाभर तांबडे पाणी निघाले.

ब्रेकच्या बाबतीत जुने काहीच ठेवू नये. मला मिळालेल्या गाडीत फ्रीजच्या दुकानातली तांब्याची नळी ब्रेक पाईप म्हणून घातलेली होती. ती वाकवायला सोपी असते, म्हणून लोकांना मोह होतो; परंतु तांबे कंपनाने कडक होत जाऊन फ्लेअरपाशी, म्हणजे पसरवलेल्या तोंडापाशी, चिरते. ४.७५ मिलिमीटरची, दुहेरी भिंतीची पोलादी ब्रेक नळीच घ्यावी, तोंडाला दुहेरी फ्लेअर करून घ्यावी, आणि दर वीतभर अंतरावर क्लिप लावावी. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा बसवावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाके थांबतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते : डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नव्याचा किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, आणि पाणी मुरलेल्याची किमान मर्यादा १४० अंशांची आहे. म्हणून कपाटातला जुना उघडा डबा वापरू नये. स्टीअरिंगचा दांडा कापून मध्ये वेल्ड केलेला आढळला, तर तो पुन्हा वेल्ड न करता सरळ भंगारात टाकावा आणि योग्य लांबीचा, टोकाला उभ्या खाचा (स्प्लाइन) असलेला दांडा व जोड मिळवावेत. या दोन गोष्टींत मी पैसे वाचवले नाहीत.

इंजिनाविषयी फार लिहीत नाही, कारण पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन उघडलेले मेस्त्री अजून गावात आहेत. फक्त बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस थांबावे आणि पुली पान्याने हाताने फिरवून पाहावी. पेट्रोलचे जुने रबरी पाईप व कार्ब्युरेटरची रबरे मात्र सगळी बदलावीत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच गाडीचे पाईप खातो, असे म्हणायचे. टाकी कितीही धुतलेली असली तरी तिच्यावर घरी वेल्डिंग करू नये.

फायबरच्या कामाला सोलापूरचा उन्हाळा हा खरा शत्रू आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के घालतात. मी पहिल्या खेपेला मे महिन्यात दुपारी, बाहेर ४२ अंश असताना, अर्धा किलो रेझिन २ टक्क्यांनी कालवले. काचतंतूंच्या मॅटचा पहिला तुकडा भिजवीपर्यंत प्लॅस्टिकचा मग हातात तापला, त्यातून धूर निघू लागला आणि मी तो अंगणात फेकला. तो गोळा अजून कुंडीला टेकण म्हणून वापरात आहे. तेव्हापासून हे काम डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या आगेमागे, करतो, आणि उन्हाळ्यात करावेच लागले तर पहाटे, १ टक्का हार्डनरने, पावशेर-पावशेर कालवून. रेझिन लवकर घट्ट करणारे कोबाल्टचे ॲक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत, त्याने स्फोट होऊ शकतो. दुकानदाराकडून ॲक्सिलरेटर आधीच मिसळलेले रेझिन मागावे. वरच्या जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर नुसती पुट्टी भरून उपयोग नाही. ते तडे व्ही आकारात घासून काढावेत, आतल्या बाजूने चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची मॅट दोन थरांत लावावी आणि मगच बाहेरून भरावे, नाहीतर रंगाखालून तेच जाळे वर्षभरात परत येते.

फायबरमधून वीज वाहत नाही, हे वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियनही विसरतो. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वीज बॉडीतून जाते. येथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि टाकीच्या मीटरला अर्थिंगची वेगळी वायर ओढून ती चासीवर रंग खरवडलेल्या जागी घट्ट बोल्टने आणावी लागते. माझ्या गाडीत इंडिकेटर लावला की हेडलाइट मिणमिणत असे, त्याचे कारण एवढेच होते.

शेवटी वजन. पद्मिनीचे पाटे (पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा) पद्मिनीसाठी केलेले आहेत, आणि आपली गाडी तिच्याहून पुष्कळ हलकी होणार. माझी गाडी उसाच्या वजनकाट्यावर आधी पुढची आणि मग मागची चाके ठेवून तोलली, तेव्हा एकूण ६१० किलो भरली. काटा मारणे हा आपल्याकडचा जुना विषय असला तरी मला तो आकडा पटला. पुढे २९० आणि मागे ३२० असे वजन आल्यावर मागच्या पाट्यांतली दोन-दोन पाती काढली, तेव्हा कोठे गाडी खड्ड्यावरून उडायची थांबली.

आता ८५ हजारांचे. बघायला जाताना ओळंबा, सुतळी, टेप, तारेचा ब्रश, घासलेटची लहान बाटली आणि खडू घेऊन जावे, आणि मालकांच्या समोरच दोन कर्ण व पुढच्या आर्मचे चार सांधे तपासावेत. ते एवढेही करू देत नसतील तर परत यावे. इंजिन हाताने फिरत असेल, ॲक्सल धड असेल आणि पद्मिनीचे कागद सरळ असतील, तर इंजिन, गिअरबॉक्स व ॲक्सल यांचे जुन्या बाजारात जे होईल ते द्यावे. बॉडीचे थोडे वर द्यावे, कारण साचा नसताना ती नव्याने करणे कठीण आहे. चासीचे मात्र लोखंडाच्या भावाने, किलोवर द्यावे. मी माझ्या गाडीचे असेच धरले आणि सगळे मिळून ४२ हजारांत सौदा झाला.