पोथी वाचली, ती कशी?

प्रश्न : १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान ग्रीक पोथ्या घेऊन इटलीत आले आणि युरोपात प्रबोधन सुरू झालं, असं शाळेत शिकलो. हे बरोबर आहे का?

अर्धंच. पोथ्या आल्या हे खरं. ग्रीक विद्वान कार्डिनल बेसारिऑनने आपला मोठा ग्रीक संग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला. पण टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्रावरचा ग्रीक ग्रंथ त्याच्या कितीतरी आधी लॅटिनमध्ये आला होता. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड या एका ग्रंथापायी स्पेनमधल्या तोलेदोला गेला, अरबी शिकला, ११७५ मध्ये भाषांतर हातावेगळं केलं आणि मग एकामागून एक ग्रंथ लॅटिनमध्ये आणत राहिला.

प्रश्न : म्हणजे अरबांनी ग्रीकांचं ज्ञान सांभाळून ठेवलं, एवढंच ना?

‘सांभाळून ठेवलं’ हे मला खटकतं. नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्राने ‘अल्माजेस्ट’चं अरबी भाषांतर तपासून दुरुस्त केलं. स्वतः गणिती असल्याशिवाय हे जमत नाही. आणि तिथे नुसतं ग्रीक ज्ञान नव्हतं. आपल्या गणितातली ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाली. लिहिताना उरली ज-य-ब ही अक्षरं, कारण अरबीत स्वरचिन्हं सहसा लिहीत नाहीत. पुढे ती ‘जैब’ अशी वाचली गेली, म्हणजे अंगरख्याचा गळ्याजवळचा भाग. हिंदीतलं ‘जेब’ त्यातलंच. लॅटिनमध्ये त्याचा शब्दशः ‘सायनस’ झाला. दहावीच्या वहीत वर्तुळाची ‘जीवा’ आणि त्रिकोणमितीतला ‘साइन’ दोन्ही असतात, आणि दोन्ही मुळात एकच शब्द!

प्रश्न : आर्किमिडीजची पोथी खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या होत्या म्हणे?

हो. दहाव्या शतकातली चर्मपत्राची प्रत. चर्मपत्र महाग, म्हणून १२२९ मध्ये शाई खरवडली, पानं आडवी फिरवून दुमडली आणि प्रार्थनापुस्तक बांधलं. पण शाई पुरती गेली नाही. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने प्रार्थनेच्या ओळींना काटकोनात जाणाऱ्या त्या पुसट ओळी वाचल्या. अलीकडे क्ष-किरणांनी शाईतलं लोह टिपून आणखी मजकूर हाती आला.

यातला ‘मेथड’ हा ग्रंथ दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही. आकृतीचे पातळ काप कल्पून, ते तराजूत तोलावेत तसे तोलून क्षेत्रफळ-घनफळ कसं काढायचं, ते त्यात आहे. आर्किमिडीजचं बाकीचं बरंचसं लेखन १५४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ग्रीकमध्ये छापलं गेलं. ‘मेथड’ मात्र प्रार्थनेखालीच राहिला. काप कल्पण्याची तशीच युक्ती इटालियन गणिती कॅव्हालिएरीला नव्याने शोधावी लागली. त्याचं पुस्तक आलं १६३५ मध्ये.