‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या जुन्या हेरकथेच्या सेकंडहँड प्रतीत कुणीतरी पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून ठेवलेत. दुकानदार १५० रुपये म्हणतोय. घ्यावी का? आणि ते खोडता येईल का?

खोडरबर हातात घेतलं असेल तर आधी खाली ठेवा.

तुम्ही म्हणताय ती जॉन ल कारेची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ माझ्याकडेही अशीच लिहिलेली आहे. लातूरला गोलाईजवळ एका रद्दीवाल्याकडे दहावीच्या गाइडांच्या ढिगात सापडली. बारा रुपये म्हणाला, दहाला दिली. अकरावीत होतो.

आधीच्या वाचकाने डिक्शनरी उशाशी घेऊनच वाचलेली दिसते. पहिल्याच प्रकरणात बर्लिनच्या नाक्यावर सायकलवरून निसटू पाहणाऱ्या माणसाला गोळ्या घालतात, तिथे अर्थबिर्थ काही नाही, नुसतं ‘अरेरे’. हेरखात्याच्या मोठ्या साहेबाला ‘कंट्रोल’ म्हणतात, समासात ‘नियंत्रण’. दुसऱ्या प्रकरणाचं नावच ‘द सर्कस’. त्यापुढे दोन रेघा मारून लिहिलंय, ‘वाघ-सिंहांची’.

मी विश्वास ठेवला. इंग्रजांचे हेर सर्कशीच्या आडून काम करतात असं समजून अर्धं पुस्तक वाचलं. पटलंही होतं हो, गावोगाव तंबू ठोकत फिरणाऱ्यावर कोण संशय घेणार? दिवाळीत पुण्याच्या मावसभावाला ही गोष्ट रंगवून सांगितली, तर तो सगळ्यांदेखत हसला. “अरे येड्या, हेडऑफिसला म्हणतात ते. तुमच्या मराठवाड्यात इंग्रजीचीच सर्कस!” मावशीपण हसली. तेवीस वर्षं झाली, लग्नकार्यात अजून मला रिंगमास्टर म्हणतो.

आता खरं ऐका. लंडनमध्ये रस्ते जिथे गोल चौकात येऊन मिळतात त्याला सर्कस म्हणतात. केंब्रिज सर्कस हा तसलाच चौक. ल कारेने हेरांची कचेरी तिथे बसवली, म्हणून कचेरीचंच नाव सर्कस. म्हणजे आमची गंजगोलाई! तिला तर सोळा रस्ते फुटतात. लातूरच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. मावसभावाला हेडऑफिस ठाऊक होतं, चौक ठाऊक नव्हता. त्याच चौकातून जाणारा चेरिंग क्रॉस रोड जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी नावाजलेला आहे, हे मी त्याला गेल्या वर्षी मुद्दाम फोन करून सांगितलं. “बरं,” म्हणाला. पुस्तक त्याने वाचलेलंच नाही, १९६५चा रिचर्ड बर्टनचा सिनेमा बघितलाय.

तर घ्या. १५० जास्तच आहेत, शंभरला मागा. शेवटची पानं जागेवर आहेत का तेवढं बघा, बर्लिनच्या भिंतीवरचा प्रसंग अगदी शेवटी आहे आणि तो नसेल तर पुस्तक फुकटसुद्धा घेऊ नका. वाळवी, बुरशी दिसली तरी नको, घरातली बाकीची पुस्तकं खराब होतील.

हां, एक राहिलं. हे सगळं पेपरबॅकबद्दल. गोलान्झ या प्रकाशकाने १९६३ मध्ये काढलेली पहिली हार्डकव्हर आवृत्ती वरच्या कागदी कव्हरासकट निघाली, तर पेन्सिलीमुळे भाव पडू शकतो. तरी स्वतः खोडत बसू नका, जाणकाराला दाखवा.

माझ्या प्रतीत ‘वाघ-सिंहांची’ तसंच आहे, त्याखाली मी पेनने ‘गोलाई’ लिहिलंय. तुमच्या प्रतीत ‘सर्कस’पुढे काय लिहिलंय, तेवढं कळवा.