वाचकांचे प्रश्न : पोरांच्या हाताला न उघडणारं झाकण म्हणजे नेमकं काय?

मागच्या अंकात पावसाळ्यातली बुरशी आणि न्हाणीची साफसफाई यावर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत बाटल्यांच्या झाकणांबद्दलचेच प्रश्न जास्त होते. त्यातले चार इथे घेतलेत.

प्रश्न : टॉयलेट साफ करायच्या लिक्विडचं झाकण दोन्ही बाजूंनी दाबून फिरवायचं असतं, तरी माझ्या पावणेचार वर्षांच्या मुलाने ते माझ्यासमोर उघडलं. बाटली डुप्लिकेट आहे का? — एक आई, डिचोली

उत्तर : ताई, डुप्लिकेट असेलच असं नाही. या झाकणांना चाइल्ड-रेझिस्टंट म्हणतात, म्हणजे मुलाला उघडायला कठीण जावं असं झाकण, पण मुलाला ते उघडताच येणार नाही असं कोणी कबूल केलेलं नसतं. अमेरिकेत १९७० साली पॉयझन प्रिव्हेन्शन पॅकेजिंग अ‍ॅक्ट आला, तिथली चाचणी कशी करतात ते वाचलंत की लगेच लक्षात येईल. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना जोडीजोडीने बसवतात, हातात बाटली देतात आणि उघडा म्हणून सांगतात. पाच मिनिटं झाली की मोठं माणूस एकदा काही न बोलता उघडून दाखवतं, वर दात वापरले तरी चालतील असंही सांगतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. पहिल्या पाच मिनिटांत शंभरातल्या ८५ मुलांना आणि पूर्ण दहा मिनिटांत ८० मुलांना ते उघडता आलं नाही तर झाकण पास! म्हणजे पास झालेलं झाकणसुद्धा शंभरातली वीस मुलं उघडू शकतात, आणि तुमचा मुलगा बरोब्बर त्याच वयाचा आहे, त्यात तुम्ही रोज त्याच्यासमोर उघडत असाल तर त्याला डेमो आधीच मिळालेला आहे.

तरी एक तपासा. दाबून फिरवायच्या झाकणाच्या आत एक खाच असते, झाकण शेवटपर्यंत फिरलं तरच ती अडकते आणि टक् असा आवाज येतो. लिक्विड आट्यांवर सुकून त्याचा थर बसला की झाकण शेवटच्या वळशाला पोचतच नाही, वरून बंद दिसतं पण खाच मोकळीच राहते आणि मग ते साध्या झाकणासारखं उघडतं. हातमोजे घालून आटे ओल्या फडक्याने पुसा, नीट बसवा, मग न दाबता फिरवून बघा. तरीही उघडलं तर झाकणात दोष आहे, ती बाटली दुकानात परत द्या आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. आणि झाकण चांगलं निघालं तरी बाटली कमोडच्या मागे ठेवू नका प्लीज, वर कडी लागेल अशा कपाटात ठेवा. झाकणाने तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो, तेवढ्यात पोराकडे कोणाचं तरी लक्ष जायला हवं.

प्रश्न : माझं छोटं दुकान आहे. सुटं फिनेल, अ‍ॅसिड लोक पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणून भरून नेतात. यावर काही नियम आहे का? — एक दुकानदार, म्हापसा

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत हेच बरं केलंत. घरातल्या कोणकोणत्या घातक वस्तूंना मुलांना न उघडणारं झाकण हवंच, हे ठरवणारा अमेरिकेसारखा एक कायदा आपल्याकडे नाही. युरोपातही माल किती घातक आहे त्यावरून असं झाकण आणि शिवाय आंधळ्या माणसाला बोटाने कळावी अशी उठावदार खूण सक्तीची आहे. आपल्याकडे नियम आहेत ते तुकड्यातुकड्यांत. अ‍ॅसिडबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये लक्ष्मी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता रजिस्टरमध्ये लिहायचा, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही, आणि हे मोडलं तर ५० हजारांपर्यंत दंड. तेव्हा सुटं अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरून देणं आजच बंद करा. उंदीर, झुरळं, डास यांची औषधं इन्सेक्टिसाइड्स अ‍ॅक्ट १९६८ खाली येतात, लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लेबल फाटलेला माल विकू नका.

आता फिनेल. पाण्याच्या बाटलीत पांढरं फिनेल दुधासारखं दिसतं आणि तहानलेलं पोर बाटली बघतं, आतला वास घेत बसत नाही. खरं सांगायचं तर माझ्या मते झाकणापेक्षा हीच गोष्ट जास्त घातक आहे, कारण कंपनीने कितीही चांगलं झाकण दिलं तरी माल दुसऱ्या बाटलीत गेला की झाकण गेलं, लेबल गेलं आणि डॉक्टरला आत काय होतं ते कळायची सोयही गेली. गोव्यात चवथीच्या आधी घरोघर रंगकाम निघतं, तेव्हा उरलेलं टर्पेंटाइन, थिनर सोड्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून जिन्याखाली ठेवायची सवय आहेच. तीच गत रॉकेलची. ही द्रव्यं पातळ असतात, गिळताना ठसका लागला की थेट फुफ्फुसात उतरतात आणि एका घोटानेही न्यूमोनिया होऊ शकतो.

आणि तुंबलेल्या पाइपात टाकायची ती पावडर, कॉस्टिक सोडा असलेली! ती कात्रीने कापायच्या पुडीत येते, अर्धी वापरून अर्धी पुडी दुमडून ओट्याखाली. अमेरिकेत कोरड्या मालात कॉस्टिक १० टक्के किंवा जास्त असेल तर चाइल्ड-रेझिस्टंट पॅकिंग सक्तीचं आहे, द्रवात तर २ टक्क्यांपासूनच. कॉस्टिक लाळेत विरघळतं, अन्ननलिका आतून जाळतं आणि जखम भरताना नळी आकसते, मग पोराला पेज गिळणंसुद्धा कठीण होऊन बसतं. गिऱ्हाइकाला एवढं तरी सांगा की पुडी फोडली की पूर्ण वापरायची, उरवायची नाही.

प्रश्न : माझी बोटं संधिवाताने वाकडी झालीत. गोळ्यांच्या डबीचं दाबून फिरवायचं झाकण मला उघडत नाही म्हणून मी ते नुसतं वर ठेवते. नातवंडं मुंबईहून चवथीला येतात. काय करू? — एक आजी, माशेल

उत्तर : आजी, तुमच्यासारख्यांचा विचारही त्या नियमात आहे. अमेरिकेतल्या चाचणीत ५० ते ७० वर्षांच्या मोठ्या माणसांनाही बसवतात आणि शंभरातल्या नव्वदांना झाकण उघडून परत नीट लावता आलं पाहिजे, कारण म्हाताऱ्या माणसांना जमत नसेल तर ती झाकण लावणारच नाहीत हे त्यांना माहीत होतं. तिथे डॉक्टर किंवा पेशंटने मागितलं तर साधं झाकणही मिळतं.

तुमच्यासाठी सोपं म्हणजे फार्मसीवाल्याला डबीऐवजी स्ट्रिपमधल्या गोळ्या द्यायला सांगा. एकेक गोळी दाबून काढावी लागते, त्यामुळे पोराच्या हाती लागली तरी सगळ्या एकदम तोंडात जात नाहीत. नातवंडं यायच्या आदल्या दिवशी उशाखालच्या, पर्समधल्या, फ्रीजवरच्या सगळ्या गोळ्या गोदरेजच्या कपाटात घालून चावी तुमच्याकडे ठेवा. बीपीच्या आणि डायबेटिसच्या गोळ्या तर नक्कीच, त्या एक-दोन गेल्या तरी लहान पोराला धोका असतो. सूनबाईच्या रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या असतील तर त्याही, लालचुटुक दिसतात आणि पोरं गोळी-चॉकलेट समजून खातात. आणि औषध देताना पोराला 'हे चॉकलेट आहे' असं कधी म्हणू नका.

प्रश्न : पोराने असं काही प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची का? आमच्याकडे सगळे तसंच सांगतात. — एक बाबा, फोंडा

उत्तर : नाही, अजिबात नाही. अ‍ॅसिड, कॉस्टिक उलटून येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं आणि रॉकेल, टर्पेंटाइन उलटीबरोबर फुफ्फुसात जातं. मिठाचं पाणी लहान मुलाला स्वतःच घातक, रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. लिंबू, व्हिनेगर, अंडं यातलं काहीही पाजू नका. तोंडात उरलेलं ओल्या फडक्याने पुसून काढा, मोठा मुलगा असेल तर चूळ भरायला लावा, डोळ्यात किंवा अंगावर उडालं असेल तर भिजलेले कपडे काढून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा. पोर रडायचं थांबलं, खेळायला लागलं म्हणून घरी थांबू नका, रॉकेलचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेताना बाटली किंवा पुडी सोबत घ्या, सांडलेली असली तरी पिशवीत घालून घ्या, आणि किती वाजता प्यायलं ते कागदावर लिहून ठेवा, कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच विचारतात.