पेंटेनचे समघटक तीनच, चौथा नाही

ताई, तुमचा मुलगा पेंटेनचे (पाच कार्बनचं संयुग) चार समघटक (अणू तेच, जोडणी वेगळी) काढतो आणि क्लासचे सर त्यावर बरोबरची खूण करतात, हे वाचून आमच्या घरचं दहावीचं वर्ष आठवलं. संयुजा, सहसंयुज बंध वगैरे त्याला येत असणारच, ते सोडते.

आमच्याकडे घोळ क्लासच्या छापील नोट्समध्ये होता. साधा पेंटेन, २-मिथिलब्युटेन, २,२-डायमिथिलप्रोपेन, आणि चौथा म्हणून २-इथिलप्रोपेन! हा चौथा काढून बघा. इथिलच्या (दोन कार्बनची फांदी) टोकापासून बोटाने मोजत गेलं की सलग चार कार्बन मिळतात. नाव सर्वांत लांब साखळीवरून पडतं, तीन कार्बनची प्रोपेन, चारची ब्युटेन. मग प्रोपेन कुठला? तो यादीतला दुसराच, २-मिथिलब्युटेन. हे दाखवायला गेले तर "या नोट्स कित्येक वर्षं चालतायत, पालकांनी यात पडू नये" असं ऐकवलं. फी मात्र वर्षाची आगाऊ घेतलेली. लेकीने सहामाहीपर्यंत तेच घोकलं आणि तिच्या डोक्यातून ते काढताना माझा जीव मेटाकुटीला आला.

मी शिक्षिका नाही, बी.एस्सी.ला केमिस्ट्री होतं इतकंच, त्यामुळे शाळेतल्या बाईंनाही विचारून घ्या. पण माझ्या मते समघटक नुसत्या वहीत शिकवूच नयेत. कागदावर साखळी वाकवली की मुलांना ते नवं संयुग वाटतं. भिजवलेले हरभरे आणि टूथपिक घ्या, हायड्रोजन सोडून द्या, फक्त पाच कार्बनचा सांगाडा करा. दोन सांगाडे नुसते फिरवून, पिळून सारखे झाले तर संयुग एकच. काडी उपटून दुसरीकडे खोचावी लागली, तरच समघटक. (हरभरे रात्रभर नको, तीन-चार तास पुरे. फार भिजले की फुटतात.)

आणि हा चित्रांचा खेळ नाही हेही त्याला कळू दे. साधा पेंटेन साधारण ३६ अंश सेल्सिअसला उकळतो, २-मिथिलब्युटेन २८ ला, आणि २,२-डायमिथिलप्रोपेन साडेनऊलाच, म्हणजे आपल्याकडे एरवी तो वायूच. रेणू आटोपशीर, गोलसर झाला की शेजारच्या रेणूंशी संपर्क कमी येतो, आकर्षण घटतं. सरांना त्यांच्या चौथ्याचा उत्कलनांक जरूर विचारा, मला उत्तर ऐकायचंय.

क्लास बदला असं सांगत नाही, मार्चच्या तोंडावर ते परवडत नाही. हेक्झेन (सहा कार्बनचं) मात्र घरीच करून घ्या. त्याचे पाच निघतात. सहावा काढलाच, तर सर्वांत लांब साखळी धरून नाव द्यायला लावा. आधीच्या पाचांतलंच एखादं नाव परत येईल.