चाहत्यांनी हौसेने फिल्म काढली तर निर्माते थेट कोर्टात का जातात?

मुख्य कारण पैसा. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचंच घ्या. चाहत्यांच्या हौशी फिल्मकडे स्टुडिओ वर्षानुवर्षं काणाडोळा करत होता. पण ‘अ‍ॅक्सनार’ या चाहत्यांच्या फिल्मसाठी लोकवर्गणीतून १० लाख डॉलरहून जास्त जमले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या पॅरामाउंट व सीबीएस या कंपन्यांनी दावा ठोकला. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली.

हक्क त्यांचाच, हे मान्य. पण चाहत्यांच्या फिल्मसाठी त्यांनी काढलेली २०१६ ची नियमावली फार जाचक आहे: एक गोष्ट १५ मिनिटांच्या आत, दोन भाग केले तर मिळून ३०, वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंतच. वर मूळ मालिकेत काम केलेलं कुणीही चालणार नाही! मूळ मालिकेतले नट जॉर्ज टाकेई, वॉल्टर केनिग यांनी पूर्वी चाहत्यांच्या फिल्ममध्ये आपल्याच जुन्या भूमिका केल्या होत्या. ते दार बंद झालं, याचं मला खरंच वाईट वाटतं.