मुलांच्या कादंबरीतली जादू कुठून आणावी?

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मैत्री, जिवलगाचा मृत्यू आणि घरात दडवलेली एखादी गोष्ट यांवर जादुई वास्तववादी (म्हणजे रोजच्या खऱ्या जगातच जादू सहजपणे घडते अशी) कादंबरी लिहायची असेल, तर त्यात जादू किती आणि कुठून आणावी, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत राहतो आणि गेली काही वर्षे रविवारी आमच्या गल्लीतल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. माझे मत असे आहे की जादू बाहेरून आणूच नये. ती गावातल्या एखाद्या खऱ्या वस्तूत शोधावी.

आमच्याकडचे उदाहरण देतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला हळद साठवण्याची पेवे, म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठारे, आहेत. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र घागरीसारखे फुगलेले असते. तोंड मातीने बंद केले की आत प्राणवायू उरत नाही, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पण त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते काही तास उघडे ठेवतात आणि कंदील आत सोडून तो विझत नाही ना, हे पाहूनच माणूस उतरतो. २००५ च्या महापुरात यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली.

आता अशा एका रिकाम्या पेवात एखाद्या मुलीला पुरात गेलेल्या मैत्रिणीचा आवाज ऐकू येतो, असे समजा. पेव ठेवलेले जपते, नवे काही पिकवत नाही. म्हणून जे शब्द पूर्वी त्याच्या तोंडाशी बोलले गेले तेवढेच ऐकू येतील, मैत्रीण तिच्या एकाही प्रश्नाला उत्तर देणार नाही. आणखी खोल कान दिला, तर तरुणपणीची आजी, घरात कधीही न उच्चारलेल्या एका मुलाचे नाव घेऊन त्याला हाक मारताना ऐकू येईल. गावातल्या कोणालाही याचे नवल वाटू नये. हळदीच्या दराविषयी बोलावे तसे लोकांनी त्याविषयी बोलावे.

पेव फक्त जुने शब्द ऐकवते, उत्तर देत नाही, हा नियम मात्र शेवटपर्यंत मोडू नका. मी अकरा वर्षांचा असताना माझा वर्गमित्र वारला आणि मोठ्यांनी मला तो मामाच्या गावी गेल्याचे सांगितले. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मी त्याची वाट पाहत होतो. मेलेला मित्र जादूने परत आणणारी गोष्ट मुलांना तसेच फसवते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मुलांना ते लगेच कळते.

गुपिताविषयी थोडेच सांगतो. ते मुलीने स्वतः शोधावे, पण त्याचा उलगडा पेवाने करू नये. अखेरच्या प्रकरणात आजीला पेवाच्या तोंडाशी आणून बसवा आणि त्या मुलाविषयी नातीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला आजच्या, थकलेल्या आवाजात देऊ द्या.